वकिली थांबली, तरी अनुभव कामाचा

वकिलाला निवृत्तीचे ठरलेले वय नसते. तब्येत कुरकुरू लागली की तारखा जुनिअरकडे जातात आणि एक दिवस कोर्टात जाणे थांबते. पण तालुक्याच्या गावात छोटे ऑफिस चालवून हयात घालवलेल्या माणसाकडे जे असते, ते गावाला तेव्हाही हवेच असते.

तालुक्यातली वकिली काय शिकवते?

शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये प्रत्येक विषयाला वेगळा वकील असतो. तालुक्यात वकील, एखादा जुनिअर आणि एक जुना कारकून, एवढ्यावरच ऑफिस चालते. बांधाचा दावा, पोटगीचा अर्ज, चेक न वटल्याची फिर्याद, जामीन, वाटप असे सगळे एकाच टेबलावर येते. त्यातून कायद्याइतकीच माणसे कळतात. कोणता वाद खरोखर जमिनीचा आणि कोणता मानापमानाचा, हे अनुभवी वकील कैफियत वाचतानाच ओळखतो. ही जाण समाजसेवेत सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आधी सनदेचे ठरवा

अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 नुसार मिळालेली सनद बार कौन्सिलकडे अर्ज करून स्वेच्छेने स्थगित ठेवता येते. मग मात्र कोर्टात उभे राहता येत नाही. विधी सेवेच्या पॅनेलवर वकील म्हणून काम करायचे असेल, तर सनद चालू ठेवावी. जुन्या पक्षकारांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी गुप्त ठेवण्याचे बंधन मात्र वकिली संपली तरी संपत नाही. म्हणून जुन्या पक्षकाराशी संबंध असलेल्या वादात मध्यस्थ किंवा सल्लागार म्हणून बसू नये.

विधी सेवा समिती

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार तालुका पातळीवर समिती असते. तिचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीश असतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. देशभरासाठी 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. हा हक्क अनेकांना ठाऊकच नसतो. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळेत ही माहिती सोप्या मराठीत सांगायला आणि विधी स्वयंसेवकांना शिकवायला ज्येष्ठ वकिलापेक्षा योग्य माणूस क्वचितच मिळेल.

लोकअदालत आणि मध्यस्थी

लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीशांसोबत वकिलांनाही बसता येते. तिथे तडजोड झाली की निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसते. अपील नसल्यामुळेच पॅनेलवरच्या वकिलाची जबाबदारी वाढते. कागदावर सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंना प्रत्येक अट वाचून, समजावून सांगितली पाहिजे. निकालांचा आकडा वाढवण्याच्या घाईत एकाही माणसावर दबाव येता कामा नये. कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात काम करण्यासाठी सहसा 40 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आयुष्यभर बाजू मांडलेल्या माणसाला तिथे निकाल न सुचवता ऐकत राहायला शिकावे लागते.

वारस नोंद: दारात येणारे पहिले काम

नवरा वारला, सातबारावर अजून त्याचेच नाव, आणि दीर म्हणतो, “कोर्टातून आणावं लागेल.” अशी बाई आली की तिला आधी धीर द्यावा. साध्या वारस नोंदीला दावा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ही वर्दी 3 महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यावा, पोच घ्यावी. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला की नाव चढते.

इथे वकिलाने एक गोष्ट मुद्दाम तपासावी. वारसांच्या यादीत लग्न झालेल्या मुलींची नावे आहेत का? अनेक घरांत ती गुपचूप गाळली जातात आणि पुढची पिढी कोर्टात उभी राहते. मुलीला हक्क सोडायचाच असेल, तर तो तिच्या समजून-उमजून दिलेल्या, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सुटावा. फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हेही दोन्ही बाजूंना सांगावे.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवावी; बाजाराचा दिवस सोयीचा. ग्रामपंचायत किंवा वाचनालयात बसावे. आलेल्याचे कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत. झेरॉक्स पाहावी, मूळ कागद परत द्यावे. सल्ला फुकट असल्याचा फलक लावावा आणि वकील लागेल अशा प्रकरणात माणसाला समितीकडे पाठवावे. दावा जिंकून दिलेला पक्षकार एकटा सुखावतो. वेळेवर दिलेल्या सल्ल्याने दावाच टळला, तर घराचे दोन्ही भाग वाचतात. तालुक्याच्या वकिलाने आपल्या अनुभवाची परतफेड अशीच करावी.