लग्न कधी झालं? ग्रीन कार्डच्या मुलाखतीतला सोपा वाटणारा प्रश्न

मंडळी, ग्रीन कार्डच्या मुलाखतीचा विषय निघाला की पहिली मागणी येते ती प्रश्नांच्या यादीची. यादी अवघड नाही. स्थळ कोणी आणलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, जोडीदार काय काम करतो, घरी किती वाजता येतो. खऱ्या नवराबायकोला हे ठाऊक असतंच, आणि पाठ करावं लागत असेल तर गोष्ट आधीच बिघडलेली आहे. म्हणून आज आम्ही यादीत वेळ घालवणार नाही. ज्या प्रश्नावर आपल्याकडची अगदी खरीखुरी लग्नंही अडखळतात, तो प्रश्न घेऊ: तुमचं लग्न कधी झालं?

त्याआधी मुलाखत कुठे होते ते स्पष्ट करू, कारण तिथेच गल्लत होते. मुलगी इथे अकलूजला आणि नवरा तिकडे, असं असेल तर मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. तिथे ती एकटी गेली तरी चालतं, नवऱ्याने विमान पकडून यायलाच हवं असं नाही. मराठीतून बोलता येतं. दोघं आधीच अमेरिकेत राहत असतील आणि अर्ज तिथेच केला असेल, तर तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या कार्यालयात जायचं, आणि तेही जोडीने. शपथ घेतात, मग एकाच टेबलाशी बसवतात. दोन्हीकडे अधिकारी शोधत असतो ती गोष्ट एकच: लग्न करताना या दोघांना संसार करायचा होता, की फक्त कागद मिळवायचा होता? ठरवून केलेलं लग्न, बघण्याचा एकच कार्यक्रम आणि महिन्याभरात हळद, याचं त्यांना नवल नाही. मुंबईत तर ते रोजचंच आहे. उगाच ओशाळून प्रेमविवाहाची कथा रचू नका.

आता तारखेकडे येऊ. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला असतो. साखरपुडा होतो. मग घरातलं कोणीतरी जाणतं माणूस सुचवतं, "मोठं लग्न दिवाळीनंतर करू, पण नोंदणी आत्ताच उरकून घ्या, म्हणजे फाइल मार्गी लागेल." अर्जात विधी झाल्याची एक तारीख लिहिली जाते, हार घातलेला फोटो जोडला जातो, साक्षीदार सह्या करतात, दाखला हातात पडतो. सहा महिन्यांनी मांडव पडतो, अंतरपाट धरला जातो, सप्तपदी होते, हजार पानं उठतात. मुलाखतीत मुलीला विचारलं लग्न कधी झालं, तर ती हीच तारीख सांगणार. तिच्या लेखी लग्न तेच! दाखल्यावर मात्र सहा महिन्यांपूर्वीची तारीख आहे. आणि पुरावा म्हणून आपणच जोडलेली लग्नपत्रिका तिच्या बाजूने बोलते, दाखल्याच्या विरुद्ध.

ही नुसती विसंगती असती तर समजावून सांगता आली असती. पण यात कायद्याचा पेच आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे लग्न विधींनी लागतं; कलम ८ ची नोंदणी हा झालेल्या लग्नाचा फक्त पुरावा. विधीच झाला नसेल तर नोंद कशाची करायची? एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असं प्रकरण आलं होतं. विधी न करताच दाखला घेतलेला, पुढे वाद झालेला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने ते लग्न झालेलंच नाही असं ठरवलं. परदेशच्या व्हिसासाठी आईवडील आधी नोंदणी उरकतात, या प्रथेचा उल्लेखही त्या निकालात आहे. ठरलेलं लग्न पुढे मोडलं, तर त्या मुलामुलीचा दर्जा काय राहतो, अशी न्यायालयाची चिंता होती. आमच्या मते हा निकाल प्रत्येक वधूपित्याने समजून घ्यावा असा आहे.

मग करायचं काय? घाई असेल तर घरच्या घरी, पंधरा माणसांत, पण खरं लग्न लावा आणि त्याच तारखेची नोंद करा. दिवाळीनंतरच्या सोहळ्याला स्वागत समारंभ म्हणा, पत्रिकेवरही तसंच छापा. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. तिथे अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांनिशी होणारं तेच लग्न. पण आधी ३० दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे रजेचा हिशेब आधी मांडावा लागतो. चुकीच्या तारखेचा दाखला हातात असेल, तर अर्ज करण्यापूर्वीच वकिलाला दाखवा. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला की तो पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. लग्नच बनावट ठरलं, तर उद्या खरं लग्न केलं तरी त्यावरचा अर्जही मंजूर होत नाही.

नावांचं प्रकरणही आपलं खास आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि काही घरांत तर बोहल्यावर मुलीचं पहिलं नावही बदललेलं. अमेरिकी माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. शिवाय अकलूजला नगरपरिषद आली २०२१ मध्ये, म्हणजे जुने दाखले ग्रामपंचायतीचे. यात गैर काही नाही, फक्त पूर्वीची सगळी नावं अर्जात लिहायची असतात. तसंच आधीच्या लग्नाचं. स्टँपपेपरवर फारकत लिहून मोकळं झालेल्यांनी सावध असावं. रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला कलम २९ मध्ये जागा आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. वकिलात न्यायालयाचा हुकूमनामा मागते.

जोडीने मुलाखत असेल तर आणखी एक सांगतो. प्रश्न बायकोला, उत्तर नवऱ्याचं, ही आपल्या घरची सवय तिथे महागात पडते. तिला विचारलं तर तिलाच बोलू द्या. आठवत नसेल तर "आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. संशय आलाच तर दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. अशा मुलाखतीला तिकडे 'स्टोक्स' म्हणतात, न्यूयॉर्कमधल्या १९७० च्या दशकातल्या एका खटल्यावरून.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते. फाइल बहुतेक वेळा भरतो नवरा, नाहीतर त्याचा आतेभाऊ. मुलगी सही करते. तिच्या नावाने सोळाव्या वर्षापासूनचे पत्ते, पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती, पूर्वी नाकारलेला व्हिसा, हे सगळं लिहिलेलं असतं आणि तिने ते वाचलेलं नसतं. शपथेवर उत्तर मात्र तिला द्यायचं असतं. सगळी फाइल तिने ओळ न ओळ वाचावी, समजत नसेल तर मराठीत समजावून घ्यावी, आणि तिची संपूर्ण प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवावी. सासरच्या कपाटात नव्हे.

कारण मुलाखत झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ते दोनच वर्षांचं मिळतं. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने तसं ठरवलं आहे. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत 'आय-७५१' हा अर्ज दोघांनी मिळून करायचा. "माझ्या सहीशिवाय तुला परत जावं लागेल," असं त्या काळात काही नवरे बजावतात. ते खरं नाही. लग्न मनापासून केलं होतं पण घटस्फोट झाला, किंवा घरात मारहाण आणि छळ होता, तर तिला हा अर्ज एकटीला करता येतो, नवऱ्याच्या सहीशिवाय. त्यासाठी दाखवावं लागतं की संसार खरा होता: दोघांच्या नावचा भाडेकरार, बँकेचं खातं, विमा, एकत्र फोटो, घरी आलेली पत्रं. हे कागद पहिल्या महिन्यापासून जमवायला लागायचं, आणि प्रत्येकाची एक प्रत इकडे माहेरी पाठवून ठेवायची.