कोशकार्यातील अंदाज: संशोधन-प्रकल्पाच्या व्यवस्थापनाचा एक विचार

प्रकल्पाचे व्यवस्थापन हा विषय धरणे, पूल व कारखाने उभारणाऱ्या अभियंत्यांचा, अशी समजूत मानव्यशाखांत बरीच रूढ आहे. बोलींची पाहणी, शब्दसंग्रह, संहितांची सूची अशी कामे हाती घेणारा अभ्यासक ध्वनिविचाराची व व्याकरणाची तयारी कसून करतो. परंतु हाती घेतलेले काम एकंदर किती आहे आणि त्यातले किती झाले, हे मोजण्याचे शिक्षण त्याला कोठेच मिळत नाही. मग अनुदानाची मुदत संपते तेव्हा सामग्री पेट्यांत किंवा संगणकात साठलेली असते आणि ग्रंथ मात्र दृष्टिपथात नसतो. या बाबतीत कोशरचनेचा इतिहास फार उद्बोधक आहे. तेथे विद्वत्तेची उणीव नव्हती. जे चुकले ते अंदाजाचे चुकले.

ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली निघाली. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज याने चिठ्ठ्या लावण्यासाठी 54 खणांचे कपाट करविले. त्यात सुमारे एक लाख चिठ्ठ्या मावतील आणि ते भरले की कोश लिहावयास बसता येईल, असा त्याचा हिशेब होता. 1861 मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, तो वारला. पुढे जेम्स मरे याने संपादन स्वीकारले तेव्हा त्याला 1,029 खण करून घ्यावे लागले. 1879 च्या करारानुसार चार खंडांचा, सुमारे 6,400 पृष्ठांचा कोश दहा वर्षांत पुरा व्हावयाचा होता. पाच वर्षांनी, म्हणजे 1884 साली, पहिला भाग निघाला. त्याची 352 पृष्ठे ‘अँट’ या शब्दापर्यंतच पोहोचली होती. संपूर्ण कोश 1928 साली दहा खंडांत पुरा झाला आणि त्याची पृष्ठे 15,490 भरली.

हा अंदाज इतका का चुकला? नमुन्याची पृष्ठे कराराआधी छापून पाहिली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. परंतु नमुन्याच्या पृष्ठावरून कोश कसा दिसेल हे कळते. त्या पृष्ठामागे किती तासांचा खल आहे हे कळत नाही. शिवाय चिठ्ठ्यांची संख्या हे कामाचे माप मानले गेले, हा अधिक मूलभूत दोष होता. वाचन करणारे स्वयंसेवक स्वाभाविकपणेच दुर्मीळ, चमत्कारिक शब्द टिपून पाठवीत आणि नित्याचे शब्द सोडून देत. ‘अब्यूजन’ या अप्रचलित शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे हाती आली, आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचसुद्धा नाहीत, अशी तक्रार मरे याने नोंदविली आहे. कोशकाराचा वेळ तर नित्याच्या शब्दांतच जातो. ‘सेट’ यासारख्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा वेगळ्या करण्यात जे श्रम पडतात, त्यांपुढे शेकडो दुर्मीळ शब्दांची नोंद क्षुल्लक ठरते. चिठ्ठ्यांचा ढीग वाढत होता, पण काम त्या प्रमाणात पुढे सरकत नव्हते. मरे याने मग नव्या वाचकांना आवाहन केले आणि कोणत्या शब्दांची अवतरणे हवीत याच्या याद्याच छापून वाटल्या. सामग्री मिळेल तशी न घेता मागून घेण्याचा हा पालट वरकरणी लहान दिसतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो निर्णायक होता.

जुन्या चिठ्ठ्यांची कथा निराळीच. मरे याच्या हाती सुमारे दोन टन कागद आले, तरी काही वर्ण गहाळच होते. ‘एच’ हा वर्ण इटलीत फ्लॉरेन्स येथे सापडला. ‘पी-ए’ या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या शब्दांचा अवशेष आयर्लंडमधील एका तबेल्यात मिळाला, आणि तोही बराचसा विस्तव पेटविण्यात खर्ची पडल्यावर! कोणता वर्ण कोणाच्या ताब्यात आहे, याची एक साधी वही कोणी ठेवली असती तर हा सारा शोध टळला असता.

झालेले काम मोजण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. वर्णमालेतले अर्धे वर्ण झाले म्हणजे अर्धा कोश झाला असे नव्हे. वर्णांचा भार अत्यंत विषम असतो. मुद्रणालयाच्या नियामकांनी यावर एक उपाय योजिला. वेब्स्टरचा कोश पूर्ण होऊन हाती होताच; त्याच्या एका पृष्ठास नव्या कोशाची किती पृष्ठे पडतात, हे प्रमाण ते पाहू लागले. मरे याला हा जाच वाटे, व त्याची बाजू समजण्यासारखी आहे. परंतु असे काही बाह्य माप नसते तर कोशाचा विस्तार कोठे थांबला असता हे सांगवत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाकडे याच दृष्टीने पाहावे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने 1948 साली ते काम सुरू झाले. सुमारे 1,500 ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या निघाल्या, आणि डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग 1976 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या चार दशकांतही प्रसिद्ध भाग ‘अ’ या आद्यवर्णापलीकडे गेले नाहीत. यावरून उपहास करणारे एक गोष्ट विसरतात. संस्कृतात नञर्थक ‘अ’ व ‘अन्’, आणि अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग, सारे याच वर्णात येतात. म्हणून ‘अ’ला लागलेल्या काळास वर्णसंख्येने गुणून उरलेल्या कोशाचा काळ काढणे अशास्त्रीय होय. मात्र हेही तितकेच खरे की, ज्या वर्णाचा भार सर्वांहून विलक्षण, त्याच वर्णापासून आरंभ केला तर आपला वेग किती हे संपादकालाच उमगत नाही. मध्यम भाराचा एखादा वर्ण मुद्रितशोधनापर्यंत पुरा करून पाहिला, तर अंदाजाला काही आधार मिळतो.

ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत दुसरी वाट धरली. 1894 पासून त्याने प्रत्येक बोलीसाठी सामग्री आधीच बांधून दिली: बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचा अनुवाद, एक स्थानिक उतारा, आणि शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी. सामग्री गोळा करणारे जिल्ह्याचे अधिकारी भाषाशास्त्रज्ञ नव्हते. म्हणूनच त्यांना निवडीस वाव ठेवला नाही. काम 1928 साली संपले. त्याची किंमतही पडली. मद्रास इलाखा, हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या कक्षेबाहेर राहिली, आणि मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली निघाला तेव्हा मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचाच भाग होता. मराठी बोलींचा अभ्यासक ही उणीव आजही अनुभवतो. पण मर्यादा कोठे आहे हे त्याला निदान स्पष्ट दिसते.

उरतो प्रश्न काम दुसऱ्याच्या हाती देण्याचा. ऑक्सफर्डला ब्रॅडली, क्रेगी व अनियन्स हे संपादक एकामागून एक आले. प्रत्येकास कोशाचा स्वतंत्र भाग व स्वतंत्र साहाय्यक मिळाले. चिठ्ठीवर शब्द, साल, ग्रंथकार, ग्रंथ, पृष्ठ व अवतरण कोणत्या क्रमाने लिहावयाचे, हे वाचकांना छापील सूचनांनी कळविलेले होते. जुलै 1915 मध्ये मरे वारला तेव्हा तो ‘टी’ या वर्णावर काम करीत होता. त्याच्या चिठ्ठ्या इतरांना वाचता आल्या, आणि उरलेला कोश त्यांनी तेरा वर्षांत पुरा केला.