छोट्या विमानाचं धड, हजीऱ्याचं रसायन

सुरतेहून तापीच्या मुखाकडे निघालं की चिमण्या, टाक्या आणि पाइपांचं जंगल सुरू होतं. हाच हजीरा. विमानाची मॉडेल्स करणाऱ्या हौशी मंडळींनी इथे जरा थांबून पाहावं. साच्यातून विमानाचं धड, म्हणजे फ्यूजलाज, काढायला जे लागतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं या पट्ट्यात आहेत.

साडी, बाटली आणि कॉकपिट
सुरतेची पॉलिस्टर साडी आणि कोल्ड्रिंकची बाटली, दोन्ही एकाच पॉलिमरच्या. त्याचा कच्चा माल हजीऱ्यात बनतो. मॉडेलवाले याचा झकास उपयोग करतात. कॉकपिटच्या आकाराचा लाकडी ठोकळा कोरायचा, तळ कापलेल्या बाटलीत बसवायचा आणि हॉट एअर गन फिरवायची. बाटली आक्रसून ठोकळ्याला घट्ट चिकटते. जादा भाग कापला की पारदर्शक कॅनॉपी तयार, तीही फुकटात!

स्वेटरचा भाऊ
ॲक्रिलिक स्वेटरचा धागा आणि कार्बन फायबर, दोघांचं मूळ ॲक्रिलोनायट्राइल. त्यापासून काढलेला धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग ऑक्सिजनविना हजार अंशांच्या वर तापवतात. उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. ऑगस्ट 2022 मध्ये रिलायन्सने कार्बन फायबरचा कारखाना हजीऱ्यात उभारण्याची घोषणा केली, क्षमता वर्षाला 20,000 टन.

मग अख्खं धड कार्बनचंच का करू नये? कारण कार्बनमधून वीज वाहते. आत ठेवलेल्या रिसीव्हरपर्यंत 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ सिग्नल नीट पोचत नाही आणि विमान हाताबाहेर जातं. म्हणून स्पर्धेच्या कित्येक ग्लायडरचं नाक मुद्दाम काचतंतूचं किंवा केव्हलारचं असतं आणि कार्बन मागच्या शेपटीच्या नळीत. मला ही वाटणी फार आवडते. ताकद हवी तिथे ताकद, सिग्नल हवा तिथे वाट मोकळी.

थर्माकोल खाणारं रेझिन
तंतूंचं कापड भिजवून घट्ट करायला पॉलिस्टर रेझिन स्वस्त, पण त्यातलं स्टायरीन आकारासाठी वापरलेलं थर्माकोल विरघळवतं. तासन् तास घासून केलेला आकार डोळ्यांदेखत खचतो. शिवाय घट्ट होताना हे रेझिन पाच ते आठ टक्के आकसतं. इपॉक्सी त्या मानाने फारच कमी आकसतं आणि थर्माकोलला धक्काही लावत नाही. एक फरक मात्र गाठीशी बांधा. पॉलिस्टरमध्ये हार्डनरचे थेंब थोडे कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत प्रमाण ठरलेलंच, जादा हार्डनर घातला तर ते लवकर सुकत नाही, कच्चं राहतं. काट्यावर तोलूनच मिसळा.

दोन भागांतलं लढाऊ विमान
25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाचं धड अगदी मॉडेलसारखंच व्हायचं. साच्यावर उजवा आणि डावा असे दोन अर्धे भाग घडवायचे, आत वायरिंग-नळ्या बसवायच्या आणि मग शिंपल्यासारखे मिटून चिकटवायचे. बर्चच्या पातळ प्लायमध्ये बाल्सा लाकूड! सुरुवातीचा गोंद केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. पुढे ‘एरोलाइट’ हा कृत्रिम गोंद आला. 1944 साली भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो पडली, संशय चिकटवलेल्या सांध्यांवर गेला आणि उड्डाणं थांबवून तपासण्या कराव्या लागल्या.

एरोलाइट बनवणारी इंग्लंडमधली कंपनी पुढे स्वित्झर्लंडच्या सिबाने घेतली. त्याच सिबाने भागीदारी केली ती आपल्या वलसाडजवळच्या अतुलशी. सुरतेहून मुंबईकडे येताना अतुल स्टेशन लागतं. अतुलमध्ये आजही इपॉक्सी बनतं.

सुरतेचं ऊन, सुरतेचा पाऊस
खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडू लागतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं काळं धड तिथवर सहज पोचतं. काचतंतूची मोठी ग्लायडर पांढरी रंगवतात ती दिसण्यासाठी नव्हे, यासाठी. 1957 मध्ये जर्मनीत उडालेल्या ‘फिनिक्स’पासून काचतंतूच्या ग्लायडरचं युग सुरू झालं. पावसाळ्यात दुसरी कटकट. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते. कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

आणि साच्यातून धड सुटत नसेल तर? आधी मेण, वर पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) थर. पीव्हीए पाण्यात विरघळतं, म्हणून अडलेल्या जागी पाणी सोडलं की काम होतं.

पहिलंच धड करणार असाल तर मी म्हणेन, काचेचं पातळ कापड आणि इपॉक्सी. कार्बनच्या पट्ट्या फक्त पंखाच्या सांध्यापाशी आणि शेपटीकडे. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घासताना मास्क लावा. आणि सुरतेचा विमानतळ हजीऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा उडवण्याआधी कुठे उडवायला बंदी आहे हे दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा जरूर पाहा.