वळणावर स्टिअरिंग काय सांगते?

पेणहून रोह्याला जाताना तुम्ही कधी गाडीत चालकाच्या शेजारी बसला आहात का? वडखळ मागे पडते, नागोठण्याला अंबा नदी ओलांडली की पुढे सुकेळीची खिंड लागते. पुढच्या खेपेला येथे चालकाच्या हातांकडे पाहा. सरळ रस्त्यावर सैल असलेले हात वळण येताच सावध होतात. चालक स्टिअरिंग फिरवतो हे तर उघडच आहे. पण स्टिअरिंगही त्याच्या हाताला काही सांगत असते. ते काय, आणि नव्या गाड्यांत ते कधी कधी नीट का कळत नाही, हे आज पाहू.

मी गाडी शिकलो ती याच रस्त्यावर, वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर. वडील म्हणत, "चाक आवळू नकोस. हात हलका ठेव, म्हणजे रस्ता कळेल." पुढे मी विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगची गाडी घेतली. एका पावसाळ्यात खिंडीतल्या वळणावर तिचे पुढचे तोंड हातभर बाहेर सरकले. स्टिअरिंगचा भार मात्र मला होता तसाच वाटला. वेग बेताचा होता म्हणून निभावले. वर्गात वर्तुळाकार गती शिकवणाऱ्या मला त्या दिवशी वडिलांच्या वाक्यातले भौतिकशास्त्र नव्याने समजून घ्यावे लागले.

वळायला बल लागते

वळणावर गाडीला आत खेचणारे अभिकेंद्री बल लागते. गाडीचे वस्तुमान m, वेग v आणि वळणाची त्रिज्या r असेल, तर हे बल mv²/r इतके असते. ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते.

उदाहरणादाखल १००० किलोग्रॅमची गाडी आणि २०० मीटर त्रिज्येचे सपाट वळण घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे ६२० न्यूटन बल लागते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ८० किलोमीटर केला की बल चौपट, सुमारे २४७० न्यूटन होते. ताशी १०० ला ते ३८६० न्यूटनवर जाते. आता ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरा. मिळू शकणारे सर्वाधिक घर्षण ०.४ × १००० × ९.८, म्हणजे ३९२० न्यूटन. याचा अर्थ, ताशी १०० ला जवळजवळ सगळे घर्षण वळण्यातच संपते. ब्रेक लावायला काही उरतच नाही!

या मर्यादेजवळ आपण पोचलो आहोत, हे चालकाला कसे कळावे?

खोडरबराचा प्रयोग

एक खोडरबर टेबलावर उभे दाबून धरा आणि वरचे टोक हळूहळू बाजूला ढकला. रबर आधी वाकते. तळ जागचा हलत नाही. जोर वाढवला की मगच ते सटकते. टायरचेही असेच आहे. रस्त्याला टेकलेला त्याचा भाग तळहाताएवढा असतो. वळणावर या भागाच्या पुढच्या कडेला येणारे रबर अजून वाकलेले नसते. मागच्या कडेपर्यंत जाताना ते जास्त जास्त वाकते. त्यामुळे बाजूचे बल मध्यावर न लागता थोडे मागे लागते. हे अंतर दोन-तीन सेंटिमीटरच असते, पण बल गुणिले अंतर म्हणजे परिबल. हे परिबल चाकाला सरळ करू पाहते. हातात जाणवणारा भार मुख्यतः त्याचाच.

आता गंमत पाहा. वळणाचा ताण फार वाढला, की टेकलेल्या भागातील मागचे, सर्वांत वाकलेले रबर प्रथम सटकू लागते. बलाचा बिंदू पुढे सरकतो, अंतर कमी होते आणि परिबल घटते. टायरची पकड सुटण्याच्या *आधीच* स्टिअरिंग हलके पडते. जुन्या गाडीत हा हलकेपणा थेट हाताला लागत असे. तीच धोक्याची सूचना! वडिलांचा "हलका हात" हीच सूचना ऐकण्यासाठी होता.

मध्ये आली मोटर

जड स्टिअरिंगला यंत्राची मदत देण्याची कल्पना जुनी आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर इंपीरियल गाडीत तेलाच्या दाबावर चालणारी सोय विक्रीस आली. १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्हो गाडीत विजेची मोटर आली. तेलाचा पंप इंजिनावर सतत फिरतो; मोटर मात्र गरजेपुरतीच वीज घेते. त्यामुळे इंधन वाचते.

तिचे काम असे चालते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी दांडी असते. हाताच्या जोराने तिला किंचित पीळ पडतो. संवेदक तो पीळ मोजतो, छोटा संगणक गाडीचा वेग पाहतो आणि मोटरने किती मदत करायची ते ठरवतो. गाडी उभी करताना भरपूर, महामार्गावर थोडी.

मग संदेश अस्पष्ट का होतो? एक, हाताचा जोर वाढला की मोटरचा वाटा त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून चाकावरचे परिबल घटते तेव्हा ती घट बहुतेक मोटरच्या वाट्यातून जाते. हाताला थोडीच कळते. दोन, मोटर दंतचक्रांमार्फत जोडलेली असते. ती स्टिअरिंगच्या २० पट फिरत असेल, तर तिचे जडत्व स्टिअरिंगवर २०², म्हणजे ४०० पट भासते. रस्त्याची बारीक थरथर त्यात विरते. तीन, दंतचक्रांच्या घर्षणामुळे वळणात बारीकशी दुरुस्ती करताना चाक आधी अडते आणि मग एकदम थोडे जास्त फिरते. शिवाय वेग बदलला की मदतही बदलते. प्रत्येक कंपनी हे प्रमाण आपल्या पद्धतीने ठरवते, म्हणून एका गाडीची सवय दुसरीत कामी येत नाही.

याचा अर्थ विजेचे स्टिअरिंग वाईट, असा नव्हे. ज्यांच्या हातांत जोर कमी, त्यांना त्याने गाडी चालवणे सुलभ केले. अशा सामान्य गाड्यांत मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम असते. ते जड होते, पण फिरते.

मग करायचे काय?

हात जे सांगेनासा झाला, ते आता गणिताकडून घ्यावे. वेग वळणात शिरण्याआधी कमी करावा, कारण बल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० वरून ८० वर आले तरी लागणारे बल एक-तृतीयांशाहून अधिक घटते. टायरमधील हवा आणि त्यांची झीज नियमित पाहावी. स्टिअरिंग हलके वाटलेच, तर ते आणखी फिरवू नये, ब्रेकवर जोराने पाय मारू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा.

तुमच्यापैकी बहुतेकांना गाडी चालवण्याचा परवाना मिळायला अजून अवकाश आहे. पण घरात चालवणारे कोणी असेलच. खोडरबराचा प्रयोग आज रात्री त्यांना करून दाखवा. आणि हे गणित वहीत सोडवा: वळणाची त्रिज्या २०० ऐवजी १०० मीटर असेल, तर ओल्या रस्त्यावर त्याच गाडीचा सर्वाधिक वेग किती असू शकेल? उत्तर ताशी ७१ किलोमीटरच्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर. पण तो वेग मर्यादेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे, हेही घरी सांगायला विसरू नका.