युरोपचा कार्बन नियम आणि आपले निर्यातदार कारखाने

युरोपीय संघाने २००५ साली आपल्या मोठ्या कारखान्यांवर एक बंधन घातले. कारखान्याने जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला असेल, तेवढे परवाने त्याने बाळगले पाहिजेत, असा तो दंडक होय. मात्र ज्या देशांत असे बंधन नाही तेथून स्वस्त पोलाद वा सिमेंट येऊ लागले, तर युरोपातील उद्योग मागे पडतील आणि धूर मात्र जगात तेवढाच राहील, ही शंका तेथे व्यक्त होत होती. तीतून २०२३ साली ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ हा नियम संमत झाला.

लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीस हा नियम लागू आहे. पोलादी नळ्या, स्क्रू, नटबोल्ट अशा तयार वस्तूही यादीत आहेत. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा काळ केवळ माहिती देण्याचा होता. तिमाही संपल्यावर महिन्याभरात आयातदाराने अहवाल द्यावयाचा आणि न दिल्यास दर टन उत्सर्जनामागे १० ते ५० युरो दंड, अशी त्यात तरतूद होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. त्या वर्षीच्या आयातीचे विवरण अधिकृत आयातदाराने ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यावयाचे असून उत्सर्जनाच्या प्रमाणात प्रमाणपत्रे विकत घेऊन जमा करावयाची आहेत. माल जेथे तयार झाला त्या देशात कार्बनचे मूल्य आधीच भरले असल्यास तेवढी वजावट मिळते.

हे दायित्व आयातदाराचे असले, तरी उत्सर्जनाची माहिती कारखान्यातूनच यावयाची असते. त्यामुळे बेळगाव, वडोदरा किंवा इंदूरसारख्या केंद्रांतून युरोपला असा माल पाठविणाऱ्या कारखानदारासही या नियमाची ओळख असणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल, एका कारखान्याने २२ टन पोलादी सळईपासून २० टन बोल्ट तयार केले असे समजू. सळईच्या दर टनामागे २ टन कार्बन डायऑक्साइड निघाला असेल, तर एकूण ४४ टन, म्हणजे बोल्टच्या दर टनामागे २.२ टन उत्सर्जन होते. अशा वस्तूंत मोठा वाटा कच्च्या मालाचाच असतो. लोहखनिज व कोक वापरणाऱ्या झोतभट्टीचे पोलाद आणि भंगार वितळविणाऱ्या विजेच्या भट्टीचे पोलाद यांच्या उत्सर्जनात फार मोठी तफावत असते. म्हणून सळई कोठून घेतली, हा प्रश्न आता केवळ भावाचा राहिलेला नाही.

खरे आकडे न मिळाल्यास आयातदारास संघाने ठरविलेले प्रमाणित आकडे वापरावे लागतात. ते मुद्दाम चढे ठेवलेले असल्याने स्वच्छ पद्धतीने काम करणाऱ्याचा मालही कागदोपत्री धुरकट ठरतो आणि ग्राहक दुसरीकडे वळण्याचा संभव असतो. खरे आकडे ग्राह्य धरले जाण्यासाठी मान्यताप्राप्त पडताळणीकाराकडून तपासणी आवश्यक आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. २०२५ च्या दुरुस्तीने वर्षाकाठी ५० टनांपर्यंतच्या आयातीस सूट दिली आहे. वीज व हायड्रोजन यांना ती लागू नाही. तथापि ही मर्यादा आयातदाराच्या यादीतील एकूण मालाची आहे, पाठविणाऱ्याची नव्हे. दहा टन माल पाठविणाऱ्या लहान कारखान्याचा ग्राहक मोठा असेल, तर त्या दहा टनांचाही हिशेब द्यावा लागतो.

तेव्हा कारखानदाराने प्रथम आपला माल यादीत आहे की नाही, हे ग्राहकाकडून सीमाशुल्क क्रमांकानिशी लेखी विचारून घ्यावे. इंधन, वीज, कच्चा माल आणि तयार माल यांची नोंद दरमहा ठेवावी. पोलाद घेताना बिलाबरोबर उत्पादकाकडून उत्सर्जनाचा दाखला मागावा. जमाखर्चाची वही ज्या निष्ठेने लिहिली जाते, त्याच निष्ठेने ही वही लिहिली गेली, तर लहान कारखान्यासही युरोपची बाजारपेठ राखता येईल.