दुखणं शांत असतानाही नजर हवी

आजचा विषय चारचौघींत काढायला अवघड, म्हणून रेडिओवर काढते. शौचावाटे रक्त आणि आव पडणं, दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागणं, पोटात मुरडा, वजन उतरणं. आपल्याकडे मूळव्याध नाहीतर उष्णता म्हणून बायका यावर वर्षं काढतात. काहींना तपासणीनंतर कळतं, की आतड्याला आतून पुन्हा पुन्हा सूज येणारा आजार आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे त्याचे दोन मुख्य प्रकार. तो एकीचा दुसरीला लागत नाही.

हा आजार लहरी. औषधाने महिनोन्महिने शांत राहतो आणि मग एकदम उसळतो. घोळ होतो तो शांत काळात. रोज बुडवायचा, एसटीचं भाडं घालायचं, रांगेत बसायचं आणि डॉक्टरांना सांगायचं काय, तर ‘बरी आहे’. मग एक फेरी चुकते, दुसरी चुकते, गोळ्या संपतात. कोलायटिसमध्ये गोळ्या परस्पर बंद केल्या की आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते.

दर वेळी पेशंटनेच दवाखान्यात यायला हवं का? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे करून पाहिलं. चार हॉस्पिटलांतले 909 पेशंट घेतले. साधारण निम्मे नेहमीसारखे येत राहिले. बाकीच्यांनी घरूनच, महिन्यातून एकदा इंटरनेटवर ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची: पोट कसं आहे, रक्त पडतं का, गोळ्या घेता का. उत्तरं बिघाडाकडे झुकली की हॉस्पिटलची माणसं संपर्क करत. वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेट ठेवलेलीच होती. वर्षभरात नेहमीच्या पेशंटांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या भेटी सरासरी 2.34 झाल्या, घरून कळवणाऱ्यांच्या 1.55. भरती होण्याचं प्रमाणही जवळपास निम्मं राहिलं, आणि काळजी कमी घेतली जाते असं पेशंटांना वाटलं नाही. 2017 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं.

मला यात पलीकडचं माणूस महत्त्वाचं वाटतं. गटाचं रजिस्टर कितीही नीट भरलं तरी तपासणारं कोणी नसेल तर काय उपयोग?

नुसत्या ‘बरं वाटतंय’वर मात्र डॉक्टर विसंबत नाहीत. सूज असली की शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचं एक प्रथिन वाढतं, कधी कधी त्रास सुरू होण्याच्याही आधी. डबीत थोडा नमुना द्यायचा, बस. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं आणि त्या गोळ्या या आजाराला बाधतातही. खुरपणीनंतर मेडिकलमधून गोळी आणून घेत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आपल्याकडे ॲप नसलं तरी वही आहे. तारीख, किती वेळा शौचाला, रक्त पडलं का, रात्री उठावं लागलं का, वजन, गोळीचा खाडा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या: मधली एखादी भेट फोनवर चालेल का, रक्त आणि शौच गावाजवळ तपासून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत फोन करायचा. फोनवरून सल्ला द्यायला 2020 पासून डॉक्टरांसाठी सरकारी नियम आहेत. हे ठरवायचं डॉक्टरांनीच. आजार शांत नसेल, औषध नुकतंच बदललं असेल, दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर प्रत्यक्ष जावंच लागेल.

काही गोष्टी फोनवर होतच नाहीत. ॲझाथायोप्रिनसारखी गोळी चालू असेल तर ठरल्या मुदतीत रक्त तपासावं लागतं, बरं वाटत असलं तरी. कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर कॅन्सरसाठी दुर्बिणीची तपासणी सांगतात. आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल, तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, तरी तसंच.

आता शेवटची अडचण, फोन कोणाकडे? पुष्कळ घरांत तो नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे असतो, आणि शौचाच्या गोष्टी त्यांच्यासमोर बोलवत नाहीत. मग ‘ठीक आहे’ एवढं सांगून फोन ठेवला जातो. म्हणून केसपेपरवर नंबर देताना, फोन आपल्या हाती कधी असतो ती वेळही लिहून द्या. आशाताईंच्या किंवा गटातल्या मैत्रिणीच्या फोनवरून बोलणार असाल, तर तेही आधी सांगा.