कुंडलिकेच्या लाटेवर 'मी' कुठे जातो?

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे गोटे उघडे पडलेले असतात. कोलाडजवळची कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही सकाळी फेसाळत धावते, कारण तिचं पाणी वीजकेंद्रातून येतं. घाटमाथ्यावर मुळशी धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं, टाटांच्या केंद्रातली जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेकडे सुटतं. हे केंद्र १९२७ सालचं. एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते मुळा नदीचं पाणी असं कोलाड, रोहा करत रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं.

पाणी सुटलं की राफ्ट निघतात. अंगात लाइफ जॅकेट, डोक्याला हेल्मेट, हातात वल्हं. मागून गाइड ओरडतो, 'फॉरवर्ड! फॉरवर्ड!' पुढचं पाणी खडकावर आपटून उलटं उसळत असतं. काठावर उतरलेली माणसं मग साधारण दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे, 'त्या वेळी डोक्यात काहीच नव्हतं.' दुसरी, 'ती एक लाट संपता संपत नव्हती.' मानवी जाणिवेबद्दलची दोन मोठी कोडी या दोन वाक्यांत आहेत.

आधी पहिलं घेऊ. डोक्यात काहीच नव्हतं म्हणणारा माणूस त्या वेळी बेशुद्ध तर नव्हता. उलट पाण्याचा थंडपणा, वल्ह्याला बसणारा हिसका, गाइडचा शब्द असं सगळं त्याच्यापर्यंत लख्ख पोचत होतं. गायब होता तो फक्त आतला बडबड्या. कालचं भांडण उगाळणारा, उद्याच्या हप्त्याची चिंता करणारा, आपण कसे दिसतोय हे तपासणारा. एरवी हा गृहस्थ क्वचितच गप्प बसतो. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच.

आपण स्वस्थ बसतो तेव्हा मेंदूतल्या काही भागांचं एक जाळं अधिक जोमानं काम करू लागतं, हे मार्कस राइकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. स्वतःविषयीचे विचार, आठवणी, मनोराज्यं यांच्याशी या जाळ्याचा जवळचा संबंध आहे. मग २००६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एक प्रयोग झाला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना चित्रं भराभर दाखवून त्यांची झटपट वर्गवारी करायला लावली. दुसऱ्या फेरीत तशीच चित्रं दाखवून विचारलं, 'तुम्हाला ती कशी वाटली?' या दुसऱ्या प्रश्नाला मेंदूच्या पुढच्या भागातले स्व-चिंतनाशी निगडित प्रदेश उजळले. झटपट वर्गवारीच्या वेळी मात्र ते नेहमीपेक्षाही मंद झाले. म्हणजे जाणीव पूर्ण जागी आणि 'मी' गैरहजर, हे एकाच डोक्यात एकाच वेळी घडू शकतं.

दुसरं कोडं वेळेचं. जीव धोक्यात असला की काळ खरंच संथ होतो का? अमेरिकेतल्या डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावायला माणसांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं, खालच्या जाळीत पडू दिलं. प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा पडदा होता. त्यावरचे आकडे इतक्या वेगानं बदलत होते की एरवी वाचताच येऊ नयेत. काळ खरोखर संथ झाला असता, तर पडताना ते वाचता आले असते. आले नाहीत. तरीही आपण किती वेळ पडत होतो, याचा त्यांचा अंदाज इतरांच्या पडण्याच्या त्यांच्याच अंदाजापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त होता. क्षण घडताना लांबत नाही, आठवताना लांबतो. भीतीच्या वेळी स्मृती बारीकसारीक तपशीलही साठवते, आणि तपशील दाट असले की मागे वळून पाहताना काळ मोठा वाटतो.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की थक्क व्हायला होतं. लाटेत 'मी' नव्हता, आणि लाटेची हकिगत सांगणारा तर 'मी'च आहे. तो बखरकारासारखा आहे. लढाई आटोपल्यावर लेखणी घेऊन बसतो आणि आपण आघाडीवर होतो असं लिहून मोकळा होतो.

लाट एकच असली तरी राफ्टमधल्या सगळ्यांची अवस्था सारखी नसते. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक यांच्याशी बोलून १९७५ मध्ये 'फ्लो' ही कल्पना मांडली. आव्हान कौशल्याच्या फार वर गेलं तर धास्ती, फार खाली राहिलं तर कंटाळा, आणि दोन्ही तोडीस तोड असतील तर माणूस स्वतःला विसरून रंगून जातो. हेतू स्पष्ट आणि केल्याचा परिणाम लगेच दिसणारा असला की हे सोपं जातं. राफ्टवर दोन्ही असतं, कारण गाइड हाळी देतो आणि चुकलेल्या वल्ह्याचा जाब पाणी तिथल्या तिथे विचारतं. म्हणून एकाच क्षणी पहिल्यांदा आलेला थिजलेला असू शकतो, शेजारची मुलगी रंगलेली आणि चार वेळा येऊन गेलेला कुणी जेवायला काय आहे याच्या विचारात.

'मी' गप्प होतो तिथवर पोचायला लाटच हवी असंही नाही. कोलाडच्या वर, सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या अवस्था प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. दिल्लीच्या एम्समधल्या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये योग्यांचे मेंदूआलेख प्रसिद्ध केले. ध्यानात असताना प्रखर उजेडानं किंवा मोठ्या आवाजानंही त्यांच्या मेंदूतल्या संथ अल्फा लहरी मोडत नव्हत्या. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मुरलेल्या ध्यानींच्या मेंदूत राइकलींचं ते बडबडं जाळंच मंदावलेलं दिसलं. योगी बाहेरचं जग थोपवतो आणि राफ्टवरचा माणूस त्यात बुडतो. रस्ते उलटे, पण गप्प होतो तो एकच.

जाणीव म्हणजे एकच दिवा, चालू किंवा बंद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जागेपणा, लक्ष, स्मृती आणि 'मी' ही वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यांतलं एखादं थांबलं तरी बाकीची चालू राहतात. मेंदूतल्या पेशींच्या हालचालीतून थंड पाण्याचा थंडपणा मुळात जाणवतोच कसा, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. पण तो जाणवायला 'मी'ची परवानगी लागत नाही, एवढं नक्की.